जुन्या गाडीचा विटलेला रंग: घासण्याआधीचा विचार

श्रोतेहो,

जुन्या गाडीचा रंग तपासायला गोव्यात पावसाच्या दिवसासारखा दुसरा दिवस नाही. एरवी खडू फासल्यासारखी दिसणारी लाल फियाट पहिल्या सरीत भिजली की तिचा मूळचा गडद लाल रंग वर येतो आणि पाणी सुकताच ती पुन्हा विटकी होते. याचे कारण असे, की रंगाचा पृष्ठभाग अतिशय बारीक प्रमाणात खडबडीत झालेला असतो आणि त्यावर पडणारा प्रकाश इतस्ततः विखुरतो. पाणी ते खळगे भरून काढते, विखुरणे थांबते आणि खालचा रंग दिसतो. म्हणून भिजल्यावर उजळणाऱ्या गाडीबद्दल मी आशा धरतो.

रंगात रंगद्रव्य असते आणि त्याला धरून ठेवणारे बंधकद्रव्य असते. उन्हातील अतिनील किरण, हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांनी हे बंधकद्रव्य वरून तुटत जाते व रंगद्रव्य भुकटी होऊन सुटे पडते. बॉनेट, टप आणि डिकी आधी विटतात आणि दरवाजे मागाहून, कारण ऊन आडव्या पत्र्यावर अधिक पडते. पांढऱ्या गाडीवरही हीच भुकटी साचते. ती पांढरीच असल्यामुळे डोळ्यांना जाणवत नाही, तळहाताला मात्र लागते. त्यात आपल्याकडे किनाऱ्याची खारी हवा आणि चिऱ्याची तांबडी धूळ. ही धूळ रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे रोज थोडा पॉलिश पेपर मारण्यासारखेच आहे.

घासण्यापूर्वी मात्र एक गोष्ट ठरवलीच पाहिजे: रंग एकथरी आहे की त्यावर पारदर्शक क्लिअर कोट आहे? न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. कापडावर गाडीचा रंग उतरला तर तो एकथरी. कापड पांढरेच राहिले तर वर क्लिअर कोट आहे. जुन्या पद्मिनी आणि अँबॅसडर बहुधा पहिल्या प्रकारच्या असतात. क्लिअर कोटची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाच्या जवळपास निम्मी. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातलेच काही कमी होते आणि ते परत येत नाही.

हे मी माझ्या वडिलांच्या गाडीवर शिकलो. चवथीपूर्वी गाडी चमकली पाहिजे म्हणून बाबांनी ती एका गॅरेजमध्ये दिली. तिथल्या मुलाने मशिनला लोकरी पॅड लावून बॉनेटच्या धारेवर जोर दिला आणि तळहाताएवढा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, उघडा पडला. धारेवर रंग मुळातच पातळ असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून धारांवर कागदी टेप लावल्याशिवाय मी मशिन हातात घेत नाही.

काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करावे. आधी गाडी धुवावी. जुने मेण काढण्यासाठी त्या एका दिवशी भांड्यांचा साबण चालतो, एरवी नाही. मग साबणाच्या पाण्याने निसरड्या केलेल्या पत्र्यावर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, हलक्या हाताने फिरवला की चिकटलेली खार आणि डांबराचे बारीक ठिपके निघून येतात. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा, कारण त्यात रुतलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघा ओढतो. यानंतर दोन फूट चौरस जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे. तेवढ्याने भागले तर कंपाउंडचा, म्हणजे अधिक खरखरीत पॉलिशचा, डबा उघडूच नये. एकथरी रंगावर पॅडमध्ये मेलेला रंग झपाट्याने भरतो. तो प्रत्येक टप्प्यानंतर ब्रशने झाडला नाही, तर आपण भुकटीच पुन्हा रंगात घोळवत बसतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळा फरक इथेच पडतो.

रॉकेल किंवा खोबरेल तेल पुसण्याची सवय अजून दिसते. तेलही पाण्यासारखे खळगे भरते, म्हणून गाडी दोन दिवस चमकते, आणि मग त्याच तेलावर धूळ बसते.

भिजल्यावरही ज्या गाडीवर नकाशासारखे पांढरे डाग आणि सुटलेल्या पापुद्र्यांच्या कडा दिसत राहतात, तिचा क्लिअर कोट गेला आहे. तिथे कोणतेही पॉलिश उपयोगी नाही. तो भाग पेंटरकडून नव्याने रंगवून घ्यावा, आणि दुकानदार बाटली पुढे करील तेव्हा ती घेऊ नये.

उघडा झालेला ताजा रंग मेणाशिवाय सोडू नये. हे सारे काम पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास करावे आणि मे महिन्यात मेणाचा आणखी एक थर द्यावा. जूनमध्ये बॉनेटवर पाण्याचे मणी उभे राहतात तोवर मेण शिल्लक आहे. पाणी सपाट पसरू लागले की पुन्हा डबा काढायचा.