रेंजमास्टर: एका ट्रान्झिस्टरचा आवाज

हा करड्या रंगाचा पत्र्याचा डबा बघा. हे पायाने दाबायचं पेडल नाही, हा सरळ अँपवर ठेवायचा, एक स्विच आणि एकच नॉब. हा डॅलस कंपनीचा रेंजमास्टर, इलेक्ट्रिक गिटारसाठीचा ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर उचलून सिग्नल वाढवणारा डबा, 1960च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये बनायला लागला.

तेव्हाचे व्हॉक्स एसी30सारखे व्हॉल्व्ह अँप, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, जोरात वाजवले की खालचे सूर गिचमीड व्हायचे आणि बँडमध्ये गिटार दबून जायची. हा डबा बास आत शिरतानाच कापतो, उरलेला सिग्नल इतका वाढवून पुढे पाठवतो की अँपचे व्हॉल्व्ह स्वतःच ओव्हरड्राइव्ह होतात, म्हणजे आवाज फाटून खरखरीत होतो. गिटारवादक रोरी गॅलघर आपली स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) आणि एसी30च्या मध्ये हाच लावायचा, आणि ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमीचा सुरुवातीचा आवाजसुद्धा याच्याच एका मॉडिफाय केलेल्या पीसमधून आलाय.

आता आपण तो परत बनवतोय. सर्किट अगदी छोटं, तीन रेझिस्टर, मोजके कपॅसिटर, 10के पॉट (नॉबखालचा कमीजास्त करता येणारा रेझिस्टर), 9 व्होल्टची बॅटरी. बास कापायचं काम इनपुटचा 4.7 नॅनोफॅरडचा कपॅसिटर करतो, तो मोठा लावला तर फुल रेंज बूस्ट मिळतो पण मग ती धार जाते, म्हणून आम्ही मूळचाच ठेवलाय.

खरा कस लागतो तो ट्रान्झिस्टरला. मलार्डचा ओसी44, जर्मेनियमचा, त्या नावासाठी लोक वाट्टेल ते पैसे मोजतात आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण एकाच नंबरचे दोन पीस सारखे निघतीलच असं नाही. जर्मेनियम लीक होतं, म्हणजे त्यातून थोडा करंट आपोआप गळतो, साधा टेस्टर ते लीकेजही गेनमध्ये (ट्रान्झिस्टर किती पट वाढवतो त्या आकड्यात) धरतो आणि आकडा फुगवून दाखवतो, म्हणून लीकेज आधी वेगळं मोजायचं, मग वजा करायचं. हे बघा, नुसतं बोट टेकवलं, ट्रान्झिस्टर जरासा गरम झाला, की रीडिंग चढायला लागलं! त्यामुळे मोजताना हात लावायचा नाही, थंड होऊ द्यायचा. कमी लीकेजचा, मध्यम गेनचा कुठलाही चांगला पीएनपी प्रकारचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर घ्या, नाव नसलं तरी चालेल.

मग बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर योग्य व्होल्टेजवर बसवणं. त्याच्या कलेक्टर या पायावर साधारण उणे 7 व्होल्ट येईपर्यंत रेझिस्टर बदलत राहायचा, पण आकड्यावर थांबू नका, शेवटी गिटार लावून कानानेच ठरवायचं.

आता ऐका. आधी फक्त अँप, मग बूस्टर चालू, आणि शेवटी बूस्टर तसाच ठेवून गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली.