पाणी म्हणजे शून्य

रात्रीचे सव्वादोन. ठाणे, घोडबंदर रोडवरचं एक रुग्णालय. सीटी स्कॅनच्या टेबलावर साठीतले एक काका. उजवा हात उचलत नाही, जीभ अडखळतेय. बाहेर मुलगा फॉर्म भरतोय. वडिलांची जन्मतारीख दोनदा खोडून झाली.

डॉक्टरांना आधी एवढंच कळायला हवंय: मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलीय की फुटलीय? तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, तेही सहसा साडेचार तासांच्या आत. फुटली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. आणि वरून दोन्ही झटके सारखेच दिसतात.

साध्या एक्स-रेत कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज इंजिनिअरने सोडवली. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. एक्स-रेची नळी डोक्याभोवती फिरते, कुठून किती किरण अडले ते मोजलं जातं आणि संगणक प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो. हवा उणे १०००. पाणी शून्य. मेंदू ३०-४०च्या घरात, ताजं रक्त ६०च्या आसपास. हाड कित्येक शे.

म्हणजे मेंदू आणि रक्त यांत फरक जेमतेम वीस-तीस आकड्यांचा. हवेपासून हाडापर्यंतचा सगळा पसारा एकाच करड्या पट्टीत कोंबला तर हा फरक डोळ्याला दिसायचाच नाही. म्हणून माउस ओढून स्क्रीनवर फक्त ० ते ८० एवढाच भाग उघडतात. याला म्हणतात 'विंडो'. रक्त असेल तर पांढरं उठून दिसतं. विंडो बदलली की त्याच स्कॅनमध्ये कवटीची चीर शोधता येते, काकांना पुन्हा किरणं न देता. जुन्या एक्स-रे फिल्मवर हे जमणारं नव्हतं.

वाशीला घरी बसलेल्या रेडिओलॉजिस्टच्या लॅपटॉपवर स्कॅन उघडलाय. रक्तस्राव नाही. खरं तर फारसं काहीच दिसत नाही. गुठळीच्या झटक्यात पहिले काही तास सीटी जवळपास नॉर्मल दिसू शकतो. हात मात्र अजून पडलेलाच.

डॉक्टर बाहेर येतात.

"बाबा शेवटचं नीट कधी बोलले?"

"साडेअकराला. पाणी मागितलं होतं."