वारा पडल्यावर

मंडळी, मी उमेदीची वर्षे वीजवाहिन्यांच्या कामात काढली, म्हणून आज वाऱ्यापेक्षा वाऱ्याने पाडलेल्या गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

१६ मे २०२१चा रविवार आठवा. तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याला धडकलेच नव्हते. ते समुद्रातून उत्तरेला सरकले आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातेत जमिनीवर आले. नुसते बाजूने गेले, तरी आपल्याकडे शेकडो झाडे उन्मळली, माणसे दगावली, कित्येक वाड्यांवर दिवसचे दिवस काळोख होता.

असे का होते? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात तगलेला माड ८०च्या वाऱ्यातही तगेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो. त्यात पावसाने माती भिजून सैल झालेली असते.

छपराचे वेगळे. वरून जाणारा वारा पत्रे वर ओढतो. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले, तर आत शिरलेला वारा खालून रेटतो. घरात हवा खेळती ठेवली तर छप्पर वाचते, असे जुनी माणसे सांगतात. कृपा करून ऐकू नका. दारे-खिडक्या घट्ट लावा, काचांपासून दूर, आतल्या खोलीत बसा. अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, सुटे पत्रे आदल्या दिवशीच आत घ्या.

आता माझा विषय. वारा पडला की आपण सगळे बाहेर येतो. कुणाचा माड पडला, कुणाचे नळे उडाले ते बघायला. मला सर्वांत भीती या घटकेची वाटते. रस्त्यावर पडलेली तार ठिणग्या उडवत नाही, आवाज करीत नाही, म्हणून ती मेलेली समजू नका. ओली जमीनसुद्धा जिवंत होते. अशा जमिनीवर लांब पावले टाकली, तर दोन पायांतल्या अंतरामुळे वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. म्हणून पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, सरकत सरकत मागे या. तार गाडीवर पडली असेल तर आतच बसून राहा. गाडीला आग लागली, तरच दोन्ही पाय जुळवून उडी मारा, आणि उडी मारताना गाडीला हात लागता कामा नये. तारेखाली कुणी सापडला तर त्याला ओढायला धावू नका. आधी वीज बंद करून घ्या, ११२ला फोन करा. जिवाभावाचे माणूस समोर पडलेले असताना थांबणे किती कठीण, ते मी पाहिलेले आहे.

आणखी एक. वीज गेली की जनरेटर घरच्या वायरिंगला तसाच जोडू नका. ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि आपण सगळे झोपलेले असताना खांबावर चढलेला लाइनमन समजतो की तार बंद आहे.