शिवडीला जाताना ॲसिड नेऊ नका

नमस्कार श्रोतेहो.

दोन नोव्हेंबर, म्हणजे मृतांचा स्मरणदिन, जवळ आला की आमच्या घरात झेंडू-शेवंतीची, मेणबत्त्यांची आणि एका प्लास्टिकच्या बादलीची जमवाजमव सुरू होते. हार्बर लाइनने शिवडीला उतरायचं आणि ख्रिस्ती दफनभूमीत आजोबांच्या कबरीपाशी जायचं. लहानपणी ती आम्हा मुलांना सहलच वाटायची. झाडंच इतकी आहेत तिथे!

ही झाडं का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. इंग्रजांची मुंबईतली सुरुवातीची दफनभूमी किल्ल्याच्या दक्षिणेला, मेंढॅम्स पॉइंटजवळ होती. पुढे ती सोनापूरला, आजच्या मरीन लाइन्सच्या बाजूला गेली. जुनी मुंबईकर माणसं मसणाला सरसकट सोनापूर म्हणत, ते याच भागामुळे. शहर फुगत गेलं, सोनापूर भरत आलं. मग १८६५ साली मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, म्हणजे मार्केटवाले क्रॉफर्ड, यांनी शिवडीची जागा घेतली. त्याआधी तिथे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पतीबाग होती. सोसायटीचं बिऱ्हाड भायखळ्याला गेलं, त्याची आजची राणीची बाग झाली. म्हणजे आमचे आजोबा एका बागेतच आहेत म्हणायचे.

आणि शेजार कोणाचा, तर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा! व्हीटी स्टेशन आणि समोरची महापालिकेची इमारत ज्यांनी आखली, ते स्टीव्हन्स. १९०० साली मुंबईतच वारले आणि शिवडीत पुरले गेले. त्यांच्या स्टेशनातून रोज लाखो माणसं धावतात, कबरीपाशी मात्र मी कधी गर्दी पाहिली नाही.

आता मुद्द्याचं. दगड पावसाने झिजतो, पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो, जुन्या दगडांच्या सांध्यातल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात आणि दगड फोडतात. हे सगळं खरं. पण माझ्या मते कबरी पावसापेक्षा आपल्या मायेनेच जास्त बिघडतात. हे मी स्वतःच्या पापावरून सांगतोय.

सात-आठ वर्षांपूर्वी मी बाथरूमची फरशी धुवायचं ॲसिड घेऊन गेलो. संगमरवर शेवाळाने काळवंडला होता. ओतलं मात्र, सोड्यासारखा फेस आला. मी खूश, घाण निघतेय! निघत होता तो दगडच. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच दगड, आम्लात तो विरघळतो. आईने ओरडून माझा हात धरला, तोवर 'प्रभूमध्ये निद्रिस्त' या ओळीखालची तारीख पुसट झाली होती. पुढच्या पावसाळ्यात त्या खरखरीत झालेल्या जागेवर शेवाळ दुपटीने चढलं, ते वेगळंच.

तेव्हा श्रोतेहो, साधं पाणी न्या, पुष्कळ न्या. दगड आधी भिजू द्या, मग मऊ कुंचल्याने खालून वर घासा. वरून खाली घासलं की मळ ओघळतो आणि डाग पडतात. तारेचा ब्रश घरीच ठेवा. शिशाची अक्षरं असतील तर ती चमकवायला जाऊ नका, एकदा सुटली की हरवलीच. पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा, मोठं झालं तर नुसतं ओढू नका, दगडही सोबत येईल. आणि फटीत सिमेंट भरून देणाऱ्याला सरळ नाही म्हणा. जुनं बांधकाम चुन्याचं आहे, आतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडतं, मग दगडाचे पापुद्रे सुटतात.

दर वेळी नवा रंग दिला की कर्तव्य झालं, असं मानणारे आमच्या नात्यातही आहेत. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय. आठ थरांखाली आजीच्या भावाचं नाव कुठे गेलं, ते आता कोणालाच सांगता येत नाही.

गेल्या वर्षी आम्ही उशिरा पोचलो, ऊन उतरलं होतं. माझ्या मुलीने मोबाइलचा टॉर्च लावला आणि दगडावर सरळ न रोखता कडेने, अगदी आडवा धरला. आडव्या उजेडात खाचांच्या सावल्या पडतात. बोट फिरवत तिने एकेक आकडा वाचला, एक, नऊ, पाच, मग बराच वेळ थांबून, तीन. आईने पाकिटातून कागद काढला आणि तिला तो आकडा पुन्हा म्हणायला लावला.