लांबून नेलं, लवकर पोचवलं

[दृश्य: टेबलावरचा पृथ्वीगोल, त्यावर ताणून धरलेला दोरा]

दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा ताणला की तो हिमालय ओलांडतो, सायबेरियावरून वर चढतो आणि आर्क्टिकच्या बर्फावरून अमेरिकेत उतरतो. अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. याहून जवळची वाट नाही.

पण विमानं दोऱ्यावरून उडत नाहीत. वाटेतलं तिबेटचं पठारच घ्या. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटपट तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. तिथे जमीनच त्याहून उंच!

डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, ती अटलांटिकवरून. अंतर साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये मात्र तेच बोइंग ७७७ उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे तब्बल चौदाशेने जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास. आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी.

रिक्षावाला म्हणतो ना, "थोडं लांबून घेतो, पण लवकर सोडतो"? आपण संशयाने मीटरकडे बघत बसतो. इथे रिक्षावाला खरं बोलत होता. भागाकार करून बघा: सरासरी ताशी १,०५५ किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. वरचा सगळा वाऱ्याचा.

[दृश्य: ढगांच्या वर, पंखाचं टोक]

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा झोत म्हणजे जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडून तो मोजला होता. निष्कर्ष जगभर पोचावेत म्हणून त्याने ते एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापले. साहजिकच, फारसे कुणी वाचले नाहीत. १९४४ मध्ये जपानवर बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा आडवा आला, तेव्हा सगळ्यांना त्याची दखल घ्यावी लागली.

पॅसिफिकच्या वाटेवर हाच वारा पाठीशी असतो. परतताना अटलांटिकवरून पूर्वेकडेच निघालं, की पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण!

[दृश्य: सीटसमोरचा पडदा, नकाशावर सरकणारं छोटं विमान]

आता घड्याळाची गंमत. दिल्लीहून रविवारी पहाटे चारला निघालेलं विमान पॅसिफिकच्या मध्यावर वाररेषा, म्हणजे वार बदलणारी काल्पनिक रेषा, ओलांडतं आणि शनिवारात शिरतं. मग पुन्हा मध्यरात्र, पुन्हा रविवार. सॅन फ्रान्सिस्कोत उतरतं तेव्हा तिथे रविवारी सकाळचे सहा वाजलेले असतात. निघाल्यापासून घड्याळात जेमतेम दोन तास!

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नातवंडांकडे आलेल्या आजी-आजोबांना लेक विचारते, "चहा टाकू ना?" आजोबांच्या मनगटावर अजून संध्याकाळचे साडेसहा आहेत. ते म्हणतात, "चहा कसला, तू वरणभाताचा कुकर लाव."