आज फक्त टोस्का

नमस्कार मंडळी, मागच्या वेळी मी म्हटलं होतं की ऑपेरातली, म्हणजे पाश्चात्य संगीत नाटकांतली माझी आवडती रेकॉर्डिंगं सांगेन, पण यादी करायला बसले आणि इटालियन संगीतकार पुचिनीच्या टोस्कावरच अडकले, तेव्हा आज फक्त टोस्का. ऑपेरा म्हटलं की काचा फुटतील असं किंचाळणारी बाई डोळ्यापुढे येत असेल तर जरा थांबा, कारण मला ह्या ऑपेरात सगळ्यात जास्त आवडतो तो व्हिलन.

गोष्ट थोडक्यात सांगते. साल 1800, गाव रोम. टोस्का ही गाजलेली गायिका, तिचा प्रियकर चित्रकार, आणि पोलीसप्रमुख स्कार्पिया, ज्याला टोस्का हवीय. तो चित्रकाराला पकडतो, शेजारच्या खोलीत त्याचे हाल करतो आणि इकडे हिच्याशी सौदा मांडतो. दुसरा अंक म्हणजे एवढंच, चाळीसेक मिनिटं, पण काय मिनिटं आहेत!

आता रेकॉर्डिंग. 1953 च्या ऑगस्टमध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाउसमध्ये झालेलं, टोस्का मारिया कॅलास, स्कार्पिया तितो गॉब्बी, चित्रकार ज्युझेप्पे दी स्तेफानो आणि कंडक्टर व्हिक्टर दे साबाता. प्रोड्युसर होता वॉल्टर लेग, त्यानं लिहिलंय की पहिल्या अंकातलं गाणं दे साबातानं गॉब्बीकडून तीस वेळा गाऊन घेतलं, एकेका अक्षरावरचा रंग बदलत. तीस वेळा! आणि ते ऐकू येतं हो. हा स्कार्पिया ओरडत नाही, मऊ बोलतो, जेवायला बसलेल्या मोठ्या घरच्या माणसासारखा, म्हणून तर अंगावर काटा येतो.

एक जागा नक्की ऐका. स्कार्पिया चित्रकाराची चौकशी करतोय आणि उघड्या खिडकीतून खालच्या मेजवानीतलं गाणं वर येतंय, कोरस आहे, त्यात टोस्काचा आवाज आहे, म्हणजे तिला पत्ताच नाही वर काय चाललंय. स्कार्पियाची चिडचिड वाढत जाते आणि एकदम तो खिडकी धाडकन लावतो, गाणं अर्ध्यावर तुटतं. संपलं. पुचिनीनं नुसत्या एका खिडकीनं काम केलंय, आणि रेडिओवर तर हे जास्तच भारी वाटतं कारण बघायला काही नाहीच.

पुढे टोस्का स्कार्पियाला विचारते, क्वांतो? म्हणजे किती पाहिजेत? कॅलास हे गातच नाही जवळजवळ, टाकते त्याच्या अंगावर. तो तेच उलट विचारतो, क्वांतो? आणि ती म्हणते, किंमत! मला इटालियन येत नाही, चार शब्द ऐकून ऐकून पाठ झालेत एवढंच, तरी इथे काही समजायचं राहत नाही.

आपल्याकडे भीमसेनजींचा पुरिया धनाश्री कुठल्या सालचा भारी यावर रात्रीच्या रात्री जातात ना, तसंच ह्या टोस्काचं आहे. 1953 चं मोनो, म्हणून स्टिरिओवाले म्हणतील कंडक्टर कारायानचं 1962 चं व्हिएन्नातलं घ्या, टोस्का लिओन्टाइन प्राइस आहे, आवाज मखमली. घ्या की, छानच आहे. पण गंमत अशी की त्याच रेकॉर्डिंगच्या वेळी कारायान स्वतः दे साबाताची रेकॉर्ड लावायला सांगायचा असं त्याच्या प्रोड्युसरनं, जॉन कल्शॉनं, लिहून ठेवलंय, आणि एका जागेला म्हणे त्यानं कबूलच केलं की हे मला जमायचं नाही. कॅलासनं स्वतः स्टिरिओत पुन्हा केलं, ते 1965 मध्ये बाजारात आलं, पण तोवर वरच्या सुरांना कंप आलेला, मी क्वचितच लावते.

बघायचंच असेल तर दोन आहेत. एक, 1964 चा लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसमधला फक्त दुसरा अंक, कृष्णधवल, पुन्हा कॅलास आणि गॉब्बी. दुसरा 1992 चा, आणि तो आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचा. त्यात प्रत्येक अंक गोष्टीतल्याच खऱ्या जागी आणि खऱ्या वेळी, टीव्हीवर लाइव्ह! दुपारी चर्चमध्ये, रात्री पालाझ्झो फार्नेझे ह्या राजवाड्यात, आणि तिसरा पहाटे कास्तेल सांतांजेलो किल्ल्याच्या गच्चीवर. मेहता आणि ऑर्केस्ट्रा मात्र लांब स्टुडिओत, गाणारे त्यांना मॉनिटरवर बघून गायचे, त्यामुळे आवाजाची मजा थोडी कमी होते हे खरं, पण चित्रकार झालेला प्लासिदो डॉमिंगो त्या उजाडत्या आभाळाखाली गातो तेव्हा माफ. पुचिनी तिसरा अंक लिहिताना पहाटेच्या घंटा ऐकायला ह्याच किल्ल्यावर गेला होता, सेंट पीटर चर्चच्या मोठ्या घंटेचा सूर कुठला हेसुद्धा त्यानं शोधून काढलं होतं, आणि ते सगळं अंकाच्या सुरुवातीला आहे, तेव्हा गाणं सुरू व्हायची वाट बघत तो भाग पुढे ढकलू नका.

1953 चं मोनो आहे, जुनं आहे, पण खरखर फारशी नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी सरळ दुसऱ्या अंकापासून सुरुवात करावी असं माझं मत, पहिला मागाहून ऐकला तरी चालतो, जाणकार रागावतील तर रागावू देत. तुमची आवडती टोस्का वेगळी असेल तर जरूर कळवा, त्यावर भांडायला मी तयार आहे. आता लावते तो खिडकीचा तुकडा, आवाज जरा वाढवा.