जुळणारं कुणीतरी
(लघुमाहितीपट: निवेदन)

(दृश्य: लातूर, सकाळ, क्लासचा रस्ता)

सकाळचे साडेसहा. लातूरच्या क्लासच्या रस्त्यावर सायकल लावायला जागा नाही. परभणी, हिंगोली, धाराशिव, उदगीर, कुठकुठली पोरं इथं खोली करून राहतात आणि 'नीट'ची तयारी करतात. पेशी-विभेदनाचा धडा त्यांना तोंडपाठ आहे. त्यातली बरीच आता १८ पूर्ण झालीत, म्हणून रक्ताच्या मूलपेशींचे दाते म्हणून नाव नोंदवा, हे सांगायला आम्ही त्यांच्याकडे आलोय.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी)

ही माणसाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला मऊ भाग, जिथं रक्त तयार होतं. पेशी दिसाव्यात म्हणून लेशमन रंग दिलेली. डावीकडची मोठी, गडद निळी पेशी बघा. तिची पुढं लाल पेशी व्हायचीय. शेजारची जरा लहान, करडी. हिच्यात हिमोग्लोबिन भरायला लागलंय. आणि ही तिसरी. गुलाबीसर झालीय, केंद्रक आक्रसून काळं टिंब झालंय, कडेला सरकलंय. आता ती ते बाहेर टाकून देईल. एकदा केंद्रक गेलं की ही पेशी पुन्हा विभागत नाही. साधारण १२० दिवस फक्त ऑक्सिजन वाहते. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला अशा सुमारे २० लाख पेशी नव्यानं तयार होतात.

या सगळ्या जिच्यापासून येतात ती मूलपेशी या चित्रात असेलच असं नाही. हजारोंत एखादी असते, आणि दिसली तरी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीसारखीच दिसते. जनुकं तिच्यातही तीच, लाल पेशी होऊ घातलेल्या पेशीतही तीच. फरक एवढाच, की कुठली चालू आणि कुठली बंद. मूलपेशी विभागली की एक तशीच मागं राहू शकते, दुसरी कामाला लागते. शरीरात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि मज्जेत लाल पेशींचा वेग वाढतो. हे आयुष्यभर चालतं, आपल्याला पत्ताही नसतो.

(दृश्य: रक्त चढवतानाचा वॉर्ड)

हा मुलगा बीड जिल्ह्यातला. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे जनुकात दोष आहे, पण स्वतःला हा आजार नाही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं नवं नाही, आणि नात्यात लग्न झालं की दोघांत तोच दोष असण्याची शक्यता वाढते. लग्नाआधी वाहक ओळखणारी एचबीएटू ही रक्ततपासणी करता येते, ती कराच.

याच्या मज्जेच्या जागी दुसऱ्याच्या मूलपेशी रुजल्या तर रक्त चढवणं थांबू शकतं. भारतात असं प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात पहिल्यांदा झालं. पण त्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. याला एकच बहीण. तिचं जुळलं नाही. मग उरतो अनोळखी दाता. एचएलए वारशानं येतं, म्हणून जुळणारा माणूस आपल्याच मुलखात, आपल्याच समाजात सापडण्याची शक्यता जास्त. मराठवाड्यातली पोरं दात्यांच्या यादीत नसतील, तर मराठवाड्यातल्या लेकरांनी शोधायचं कुणाला?

(दृश्य: पुणे, दात्याच्या हातातून रक्त यंत्रात)

ही अंबाजोगाईची ताई. पाच दिवस इंजेक्शनं घेतली, अंग दुखलं. मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरल्या. आता एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूलपेशी वेगळ्या निघतात, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास. हाडाला सुई नाही, चिरफाड नाही. काही आठवड्यांत तिच्या पेशी भरून येतात. पिशवी कुणासाठी चाललीय, तिला माहीत नाही. नियमच तसा आहे. पेशंटला ती शिरेतून देतात, आणि पेशी आपोआप त्याच्या मज्जेत पोचतात.

प्रत्यारोपण दर वेळी यशस्वी होत नाही, खर्चही मोठा आहे.

आणि एक सांगायलाच हवं. गुडघेदुखी, मधुमेह, स्वमग्नता, सगळ्यावर 'स्टेम सेल' (म्हणजे मूलपेशी) म्हणून जाहिराती येतात. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मज्जेच्या मूलपेशी हा मान्य उपचार, बाकी सगळं मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल), आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. अशा जाहिरातीपायी कुणी जमीन विकू नये.

(दृश्य: कॉलेजच्या हॉलमधलं नोंदणी शिबिर)

गालाच्या आत कापूस लावलेली काडी फिरवायची, पाकिटात टाकायची, फॉर्मवर सही. एवढंच. अडचण नंतर येते: जुळल्याचा फोन येतो आणि घरचे नको म्हणतात. तिकडं पेशंट वाट बघत असतो. म्हणून इथला स्वयंसेवक प्रत्येकाला सहीच्या आधी थांबवतो. "भाऊ, आधी घरी फोन लाव. आईला सांग, वडिलांना सांग. मग सही कर."